पदवीची वही कोठे उघडावी?

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात शिक्षण समितीच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी शिक्षण समितीने चार शब्द बोलावेत असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. बहुधा ते चार शब्द अभिनंदनाचे असतात, आणि ते ऐकून आपण सर्वजण समाधानाने भोजनास उठतो. यंदाही गुणवंतांचे अभिनंदन आम्ही मनःपूर्वक करतो. परंतु त्याबरोबर आम्हांस एक कबुलीही द्यावयाची आहे, आणि तिच्यातून आम्ही जे शिकलो ते आपणांपुढे मांडावयाचे आहे. विषय आहे लेखाशास्त्र व वित्त या विषयांतील पदवीसाठी विद्यापीठाची निवड कशी करावी हा. बारावी वाणिज्य उत्तीर्ण झालेली आपली निम्म्याहून अधिक मुले आज याच वाटेकडे पाहत आहेत. म्हणून हा विषय घराघरांतला आहे.

आपण कासार मंडळी. भांड्यांचा आणि बांगड्यांचा आपला पिढीजात व्यवसाय. हिशेब आपणांस कोणी नव्याने शिकवावा असे नाही. दिवेलागणीनंतर दुकानाची फळी लावून रोजची कीर्द पुरी केल्याशिवाय ज्यांनी ताटावर पाट घेतला नाही, असे वडीलधारे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि वर्षअखेरीस ताळेबंद, हा क्रम आपल्या घरांतून शाळेत न जाता शिकला गेला. परंतु काळ पालटला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, वह्यांची जागा संगणकाने घेतली, आणि ज्या घरात तीन पिढ्या वही लिहिली गेली त्या घरातील दुकानदारालाही विवरणपत्र भरण्यासाठी दुसऱ्याच्या कचेरीची पायरी चढावी लागू लागली. आपल्या मुलामुलींनी हे शास्त्र रीतसर शिकावे ही पालकांची इच्छा म्हणूनच योग्य आहे. प्रश्न एवढाच की कोठे शिकावे.

आता ती कबुली. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावचा एक हुशार मुलगा आपल्या वडिलांसह समितीपुढे आला. बारावीस उत्तम गुण, वडिलांचे भांड्यांचे लहानसे दुकान, मनात सनदी लेखापाल होण्याची इच्छा. जिल्ह्याच्या ठिकाणी जुने, अनुदानित वाणिज्य महाविद्यालय होते. तेथे त्यास प्रवेश मिळत होता. आम्ही मात्र त्यास दूरच्या एका खाजगी संस्थेचे नाव सुचविले. तिचे माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेले होते, अभ्यासक्रमाच्या नावात ‘वित्त’ हा शब्द ठळक होता, आणि आपल्या ज्ञातीतील मुलगा तेथे गेला असे सांगावयास आम्हांस अभिमान वाटला असता. मंडळाच्या नियमाप्रमाणे नामांकित संस्थेत जाणाऱ्यास कर्जाऊ शिष्यवृत्तीची रक्कमही अधिक मिळत होती. मुलगा गेला. पुढच्या वर्षी शुल्क वाढले. वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च अंदाजाच्या दीडपट झाला. लेखांकनाचे शिक्षण तेथे नाममात्र होते, आणि दिवसभर चालणाऱ्या इतर उपक्रमांमुळे सनदी लेखापालाच्या पहिल्या परीक्षेस बसणेही लांबले. तिसरे सत्र संपता संपता तो परत आला. विषय जुळेनात म्हणून नव्या महाविद्यालयात त्याचे एक वर्ष वाया गेले.

त्याचे वडील आम्हांस भेटले तेव्हा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “दादा, दुकानाची कीर्द मी एक दिवस चुकविली नाही. मुलाच्या शिक्षणाची कीर्द मात्र तुमच्या भरवशावर कोरी ठेवली.” हे वाक्य आमच्या मनातून गेलेले नाही. त्यांची अनुमती घेऊनच, नावगाव वगळून, आम्ही हे येथे सांगत आहोत.

चूक कोठे झाली याचा विचार करता आमच्या ध्यानात आले की आम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी एक समजलो होतो. पदवी ही एक, व्यवसायाचा अधिकार ही दुसरी, आणि संस्थेचे नाव ही तिसरी. या तीन वेगवेगळ्या खात्यांची नोंद एकाच खात्यात केली की तेरीज जुळत नाही.

प्रथम पदवी आणि अधिकार यांतील भेद पाहू. आपल्याकडे पुष्कळ पालकांचा असा समज आहे की ‘बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स’ अशी भारदस्त पदवी घेतली की मुलगा लेखापरीक्षक झाला. तसे नाही. कंपनीच्या हिशेबांचे कायद्याने आवश्यक असलेले लेखापरीक्षण करून अहवालावर सही करण्याचा अधिकार भारतात केवळ सनदी लेखापालास आहे, आणि ती सनद कोणतेही विद्यापीठ देत नाही. ती १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली सनदी लेखापालांची संस्था देते. त्याचप्रमाणे परिव्यय लेखापालांसाठी १९५९ चा आणि कंपनी सचिवांसाठी १९८० चा स्वतंत्र कायदा आहे. परदेशातील लेखापाल संस्थेचे सभासदत्व मिळविले तरी तेवढ्याने येथे लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही करता येत नाही. बँक, विमा, भांडवल बाजार, कंपन्यांचे वित्त विभाग, अध्यापन आणि स्पर्धा परीक्षा यांसाठी पदवी पुरेशी किंवा पायाभूत ठरते, हे खरे. म्हणून पहिला प्रश्न विद्यापीठास विचारावयाचा नसून मुलास विचारावयाचा आहे: बाळ, तुला नेमके काय व्हावयाचे आहे?

उत्तर ‘सनदी लेखापाल’ असे आले, तर पदवीचे स्थान निराळे होते. त्या परीक्षेचे तीन टप्पे आहेत: फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. २०२३ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप करावी लागते. पूर्वी ती तीन वर्षांची होती. वाणिज्य पदवीधरास किमान ५५ टक्के गुण असल्यास फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी करता येते. अन्य शाखांच्या बहुतेक पदवीधरांसाठी हीच मर्यादा ६० टक्क्यांची आहे. याचा अर्थ असा की बारावीनंतर लगेच जो मार्ग धरावयाचा चुकला, तो पदवीनंतरही मोकळा असतो. एका प्रयत्नात अपयश आले म्हणून ज्या घरांत सुतकासारखी शांतता पसरते, त्या घरांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. परंतु बारावीनंतरच तो मार्ग धरावयाचा असेल, तर पदवीचे महाविद्यालय असे हवे की जे अभ्यासास वेळ देईल, ज्याचे वर्ग सकाळचे असतील, आणि जे घरापासून वा खोलीपासून रोज तीन तास प्रवासात घालविणार नाही. आर्टिकलशिप करताना अन्य अभ्यासक्रमासाठी संस्थेची अनुमती घ्यावी लागते आणि महाविद्यालयाच्या वेळा कचेरीच्या वेळांशी भिडून चालत नाहीत. ही गोष्ट प्रवेशाच्या दिवशी पाहावयाची असते, दोन वर्षांनी नव्हे.

दुसरा भेद विद्यापीठ आणि महाविद्यालय यांतील. आपल्याकडे पदवीपत्रावर विद्यापीठाचे नाव असते, पण बहुतेक विद्यार्थ्यांस शिकविते ते महाविद्यालय. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली स्थापन झाले. वाणिज्य शिक्षणाचे ते आपल्या देशातील आद्यपीठच म्हणावयाचे. शतकाहून अधिक काळ ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. आज ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात समाविष्ट आहे. पदवीपत्रावरील नाव बदलले, पण वास्तू तीच आणि परंपराही तीच. माटुंग्याचे पोदार महाविद्यालय १९४१ चे आणि पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. या संस्थांचा लौकिक त्यांच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळविला आहे. तो केवळ विद्यापीठाच्या मुद्रेमुळे आलेला नाही. उलट एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली एका महाविद्यालयात वर्ग भरतात आणि दुसऱ्यात केवळ हजेरीपट भरतो, असेही आढळते. काही महाविद्यालयांस स्वायत्तता मिळाली आहे; तेथे अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालय स्वतः ठरविते, पदवी मात्र विद्यापीठ देते. अशा ठिकाणी तर विद्यापीठाच्या नावावरून काहीच अनुमान काढता येत नाही. अभ्यासक्रमाचा कागदच मागून वाचला पाहिजे.

तो कागद कसा वाचावा? आपण भांडे विकत घेताना ते हाती घेऊन वाजवून पाहतो, तसाच. नावात ‘वित्त’ आहे की ‘व्यवस्थापन’ आहे हे सोडून द्यावे आणि सत्रांतील विषय मोजावेत. वित्तीय लेखांकन किती सत्रे आहे? परिव्यय व व्यवस्थापकीय लेखांकन आहे काय? लेखापरीक्षण, प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर आणि वित्तीय व्यवस्थापन हे विषय पुरेशा तासिकांसह आहेत काय? नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांची पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स अशी रचना झाली आहे. तेव्हा चौथे वर्ष त्या महाविद्यालयात आहे काय, आणि मुलास त्याची खरोखर गरज आहे काय, हेही विचारावे. सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यास चौथे वर्ष बहुधा आर्टिकलशिपमध्ये अधिक सार्थकी लागेल. परदेशी उच्च शिक्षणास वा संशोधनास जाणाऱ्यास ते उपयोगी पडेल.

तिसरा भेद नाव आणि गुण यांतील. वर्तमानपत्रांतून संस्थांच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध होतात. केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून निघते आणि १९९४ साली स्थापन झालेली ‘नॅक’ ही संस्था मूल्यांकन करते. या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. त्यांस कमी लेखू नये. तथापि महाविद्यालयांच्या क्रमवारीत कला, विज्ञान आणि वाणिज्य या सर्व शाखांचा एकत्र विचार असतो; अमुक ठिकाणी ताळेबंद चांगला शिकविला जातो की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. मान्यता मात्र काटेकोरपणे तपासावी. पदवी देण्याचा अधिकार कोणास आहे हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याने ठरते, आणि बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. जेथे मान्यतेविषयी विचारताच कार्यालयातील मनुष्य विषय बदलतो, तेथून चप्पल घालून सरळ बाहेर पडावे.

मग खरी कसोटी कोणती? आमच्या मते अध्यापक. येथे एका थोर पुरुषाचे स्मरण करावेसे वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यापूर्वी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांस सेलिग्मन यांच्यासारखे सार्वजनिक वित्ताचे अधिकारी गुरू लाभले होते, आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन हे लाभले. रुपयाच्या प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला, त्यास कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली; आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्या प्रस्तावनेत आपले मतभेदही त्यांनी स्पष्ट नमूद केले. शिष्याचे म्हणणे न पटताही त्याच्या कष्टांस मान देणारा गुरू जेथे असतो, ते विद्यापीठ. प्रत्येकास कोलंबिया वा लंडन लाभणार नाही. परंतु विद्यार्थ्याची वही तपासून चुकलेल्या नोंदीखाली ‘का?’ असे लिहिणारा अध्यापक जिल्ह्याच्या महाविद्यालयातही असू शकतो. तो आहे की नाही हे माहितीपत्रक सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले सांगतात. प्रवेशापूर्वी महाविद्यालयाच्या दारात अर्धा तास उभे राहून त्यांस विचारावे.

येथे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक शब्द. आपल्याकडील अनेक विद्यापीठांत वाणिज्य पदवीचे पुष्कळ विषय मराठीतून लिहिता येतात. सनदी लेखापालाची परीक्षा मात्र इंग्रजीतून किंवा हिंदीतून द्यावी लागते. मराठी माध्यमाची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही, पण पदवीच्या पहिल्या वर्षापासून इंग्रजी पुस्तक हाती धरावयास लावणारे महाविद्यालय अशा मुलांस अधिक हितकर होईल.

आता खर्चाचा विचार. याबाबत आपण व्यापारी असूनही मुलांच्या बाबतीत व्यापारी राहत नाही, हा आपला गुण आणि दोषही. अनुदानित बी.कॉम. आणि विनाअनुदानित विशेष अभ्यासक्रम यांच्या शुल्कांत मोठे अंतर असते. दिल्लीचे श्रीराम महाविद्यालय १९२६ पासूनचे, कीर्तिमान. केंद्रीय विद्यापीठांच्या २०२२ पासूनच्या सामायिक प्रवेश परीक्षेने तेथील दार आपल्या मुलांसही मोकळे आहे. ज्याची योग्यता आहे त्याने जरूर प्रयत्न करावा. पण शुल्कापुढे राहण्या-जेवण्याचा आकडा अधिक मोठा असतो हे आधी मांडावे. परदेशी पदवीची गोष्टही तीच. शैक्षणिक कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतात, व्याज मात्र मधल्या काळातही चढत असते. समजा आठ लाख रुपये उचलले आणि दरसाल दर शेकडा दहा व्याज असले, तर एका वर्षाचे व्याजच ऐंशी हजार होते. हा आकडा मुलापासून लपवू नये. ज्यास पुढे इतरांचे हिशेब तपासावयाचे आहेत, त्याने प्रथम आपल्या घराचा तपासावा.

ज्यांस दुकान सोडणे शक्यच नाही त्यांनीही निराश होऊ नये. १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ घरी राहून शिकणाऱ्यांस वाणिज्य पदवी देते. मुक्त विद्यापीठ म्हणजे कमी प्रतीचे, हा समज सोडावा; तेथे शिस्त आपली आपण लावावी लागते, एवढाच फरक. आणि मुलींच्या पालकांस आमची हात जोडून विनंती आहे. ‘जवळ आहे’ हे महाविद्यालय निवडण्याचे एक चांगले कारण आहे, पण ते मुलगा आणि मुलगी दोघांसही सारखेच लागू करावे. मुलास पुण्याची खोली आणि मुलीस गावातील वर्ग, अशी वाटणी कोणत्याच ताळेबंदात बसत नाही.

शेवटी मंडळाविषयी. नामांकित संस्थेत जाणाऱ्यास अधिक रक्कम देण्याचा नियम रद्द करावा, अशी सूचना समितीने कार्यकारिणीपुढे ठेवली आहे. यापुढे रक्कम गरजेप्रमाणे द्यावी; सनदी लेखापाल वा तत्सम परीक्षेचे शुल्कही तीत धरावे; आणि कर्जाऊ शिष्यवृत्ती मागणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने एका पानावर तीन वर्षांच्या खर्चाचा आणि वेळेचा ताळेबंद मांडून द्यावा. समितीचा एक सभासद पालकांसोबत ते महाविद्यालय प्रत्यक्ष पाहून येईल. माहितीपत्रकावरून सल्ला देण्याचे आम्ही सोडले आहे.

आणि त्या मुलाची बाकी? ते गृहस्थ दर दिवाळीस ठरलेली रक्कम न मागता मंडळाच्या कार्यालयात आणून देतात आणि पावती घेऊन जातात. नोंद चुकीची आमची, आणि रक्कम मात्र त्यांच्या नावे. उरलेली बाकी समितीच्या सभासदांनी आपल्या पदरची भरावी असे आम्ही ठरविले आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही. घेतलेले फेडले पाहिजे, एवढेच ते म्हणतात. मुलगा आता जिल्ह्याच्या त्याच जुन्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षात आहे आणि फाउंडेशन उत्तीर्ण झाला आहे. जे दार आम्ही त्यास टाळावयास सांगितले होते, त्याच दारातून तो पुढे जात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीच्या पाडव्यास आपण नवी वही उघडतो तेव्हा पहिल्या पानावर शुभचिन्ह काढतो, पण दुसऱ्या पानावर मागील बाकी प्रामाणिकपणे ओढून घेतो. आमची मागील बाकी आज आम्ही आपणांसमक्ष ओढली आहे. आपली वही मात्र कोरी आहे. ती कोठे उघडावयाची हे नावाच्या झगमगाटाकडे पाहून नव्हे, तर शिकविणारा कोण, वेळ किती, खर्च किती आणि पुढची वाट कोणती, हे चार रकाने भरून ठरवा. हिशेब जुळला तर गावचे महाविद्यालय मोठे, आणि न जुळला तर मोठे विद्यापीठही तोट्याचे.